आशाताई, बाळंतिणीच्या घरी जाताना या चुका टाळा

"बाळ बरं आहे ना?" "हो, बरंय." झाली भेट, भरला फॉर्म! नव्या आशांबरोबर (गावातल्या आरोग्य स्वयंसेविकांबरोबर) फिरताना मी हीच चूक सर्वात जास्त पाहते. एकदा असंच 'बरं' असलेलं बाळ मी दुपट्यातून उघडायला लावलं. बेंबीवर तेलात कालवलेल्या राखेचा लेप, नि खालची कातडी लालभडक. नाळेला काहीही लावायचं नाही, हे आजीला सांगितलेलंच नव्हतं.

श्वास मोजताना घाई नडते. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. तान्ह्याचा श्वास एका लयीत चालत नाही. थोडा वेळ भराभर, मग थांबल्यासारखा. पोटाकडे बघत पूर्ण १ मिनिट मोजा. आकडा ६० किंवा वर गेला तर पुन्हा मोजा. तरीही तेवढाच आला तर लगेच दवाखाना. बाळ रडत किंवा पीत असेल तर थांबा. म्हणूनच वजन शेवटी करावं, झोळीत घातलं की बहुतेक बाळं भोकाड पसरतात.

वजनाचीही एक गंमत आहे. तिसऱ्या दिवशी जन्मापेक्षा कमी भरलं की घरात "आईचं दूध पुरत नाही" सुरू होतं आणि बाटली येते. आधी रिकामी झोळी अडकवून काटा शून्यावर आणला होता का, ते बघा. पहिल्या काही दिवसांत दहा टक्क्यांपर्यंत वजन उतरतं, साधारण दोन आठवड्यांत भरून निघतं. बाटलीऐवजी बाळ छातीला नीट लागतंय का, ते बघा. मध, घुटी नकोच.

बाळाच्या नादात बाळंतीण राहून जाते. सासऱ्यांसमोर "अंगावरून जास्त जातं का?" विचारलंत तर ती "नाही"च म्हणणार. आत नेऊन विचारा, दिवसात किती कापडं बदलली? पाचाच्या वर असतील, घाण वास किंवा ताप असेल, तर १०८ ला फोन.

दवाखान्यात बाळंतपण झालं तर ३, ७, १४, २१, २८, ४२ व्या दिवशी अशा सहा भेटी; घरी झालं तर पहिल्या दिवसाची धरून सात. पण पहिलटकरीण माहेरी जाते नि इथेच घोळ होतो. सासरची आशा म्हणते, "ती गेली", माहेरची म्हणते, "माझ्या यादीत नाही." ओटी भरली की लगेच माहेरच्या आशाचा नंबर शोधून ठेवा.