विटांच्या भिंतीला लोणा लागलाय? पाइप आधी बाजूला ठेवा

पावसाळा सरून ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं की गिलावा नसलेल्या विटांच्या कंपाउंडवर पांढरी भुकटी उमटते. कोणी तिला लोणा म्हणतं, कोणी खार फुटला म्हणतं. पहिल्या वर्षी मी बागेचा पाइप लावून आमची भिंत लख्ख धुतली. चार दिवसांत ती आधीपेक्षा पांढरी! विटेतले क्षार पाण्यात विरघळतात, पाण्याबरोबर पृष्ठभागावर येतात आणि पाणी उडून गेलं की तिथेच राहतात. मी तर त्यांना पुन्हा आत शिरायला वाटच करून दिली होती.

आधी तो खारच आहे का, ते बघा. चिमूटभर भुकटी पाण्याच्या थेंबात चोळा. विरघळली तर खार, लिबलिबीत झाली तर बुरशी. चुन्याचा कठीण थर असेल तर तो मात्र पाण्यात विरघळत नाही.

मग पाणी कुठून येतंय ते शोधा. जोत्यापासून गुडघाभर पट्टा दिसला तर ओल जमिनीतून चढतेय. माथ्याखाली डाग असतील तर पाऊस वरून मुरतोय. मध्येच एखादं ठिगळ दिसलं तर जवळचा नळ तपासा. नव्या भिंतीवर सगळीकडेच पांढरं आलं असेल, तर ते विटांमधलं, वाळूतलं किंवा भिंतीवर मारलेल्या खाऱ्या बोअरच्या पाण्यातलं मीठ असतं. ते बहुधा एक-दोन पावसाळ्यांत आपोआप कमी होतं, तेव्हा लगेच हात लावू नका.

साफसफाईला आठवडाभर कोरडं ऊन हवं. भिंतीखाली गोणपाट अंथरा आणि काथ्याच्या किंवा नायलॉनच्या ब्रशने भुकटी कोरडीच झाडा. तारेचा ब्रश नको, विटेवर ओरखडे पडतात आणि तारांचे तुकडे अडकून गंजाचे डाग उमटतात. पडलेली भुकटी कुंड्यांत न टाकता कचऱ्यात टाका. उरलेलं ओल्या स्पंजने टिपा, पाणी वारंवार बदला. बहुतेक भिंतींना एवढं पुरतं.

चुन्याचा थर असेल तरच व्हिनेगर लावून बघा, आणि त्यानेही निघाला नाही तर शेवटचा उपाय म्हणून ॲसिड. दहा-बारा भाग पाण्यात एक भाग म्युरिॲटिक (म्हणजे हायड्रोक्लोरिक) ॲसिड. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. हातमोजे, चष्मा घाला आणि ब्लीचिंग जवळपासही ठेवू नका. आधी एका कोपऱ्यात करून बघा. इथे मात्र भिंत अगोदर भिजवायचीच, म्हणजे ॲसिड विटेत शोषलं जात नाही. काही मिनिटं ठेवून भरपूर पाण्याने धुवा. विटांपेक्षा सांध्यातला माल ॲसिडने लवकर खाल्ला जातो, म्हणून गवंड्याचं ‘थोडं कडक करू’ ऐकू नका.

पाण्याची वाट बंद केली नाही तर हे सगळं दरवर्षी करावं लागेल. भिंतीला टेकवलेली माती जोत्याखाली उतरवा, फुटलेले सांधे भरा, माथ्यावर बाहेर डोकावणारी फरशी बसवा आणि तिच्या खालच्या कडेला खाच ठेवा, म्हणजे पाणी भिंतीवर न ओघळता खाली ठिबकेल. डाग झाकायला ऑइल पेंट फासू नका. मीठ रंगाच्या आतच साठतं आणि विटेचे पोपडे सुटतात. लावायचंच असेल तर भिंत खडखडीत वाळल्यावर पाणी आत मुरू न देणारं पण वाफ बाहेर जाऊ देणारं सिलेन-सिलॉक्सेनचं द्रावण.

आणखी विटा घ्यायच्या असतील तर भारतीय मानकातली (आयएस ३४९५) चाचणी घरीही जमते. वीट पसरट भांड्यात २५ मिलिमीटर पाण्यात उभी ठेवा, पाणी शोषून आणि वाळून गेलं की पुन्हा तेवढंच पाणी घाला आणि वाळू द्या. पृष्ठभागाच्या १० टक्क्यांपर्यंत पांढरं आलं तर खार किरकोळ, ५० टक्क्यांपर्यंत मध्यम. त्यापुढे गेलं किंवा पोपडे सुटायला लागले तर वीट टाकाऊ. मागच्या वर्षी मागच्या दारच्या पायरीसाठी नमुन्याच्या पाच विटा आणल्या, त्यांतल्या दोन अर्ध्याहून अधिक पांढऱ्या झाल्या. ती ट्रॉली मी दारातूनच परत पाठवली.