अधिकृत मॉडिंग येईपर्यंत सेव्ह कशी सांभाळावी

गेम आला म्हणून त्याच्यासोबत मॉडिंगची, म्हणजे खेळाडूंनी गेममध्ये आपले बदल (मॉड्स) घालण्याची, अधिकृत साधनं येतीलच असं नाही. स्कायरिम ११ नोव्हेंबर २०११ ला आला आणि मॉड्स बनवायचं त्याचं साधन, क्रिएशन किट, ७ फेब्रुवारी २०१२ ला. स्टारफील्डवाल्यांना अशाच किटसाठी सप्टेंबर २०२३ पासून जून २०२४ पर्यंत थांबावं लागलं. बाल्डर्स गेट ३ ऑगस्ट २०२३ मध्ये आला आणि मॉड्स टाकण्या-काढण्याचा अधिकृत मॉड मॅनेजर मिळाला तो ५ सप्टेंबर २०२४ च्या पॅच ७ (सातव्या मोठ्या अपडेट) मध्ये. विचर ३ चं मॉडिंगचं साधन, रेडकिट, तर तब्बल नऊ वर्षांनी, मे २०२४ मध्ये हाती आलं. म्हणजे वाट कित्येक महिने बघावी लागते, आणि सेव्हची, म्हणजे जतन केलेल्या खेळाची, नासाडी होते ती याच काळात.

आधी मॉडचा प्रकार ओळखा. केस, कपडे, टेक्श्चर बदलणारे मॉड्स सहसा पॅचनंतरही टिकतात. स्क्रिप्ट एक्स्टेंडरवर (मॉड्सना गेमच्या आतल्या कोडपर्यंत पोचवणारा जोडप्रोग्राम) चालणारे मॉड्स मात्र सगळ्यात आधी कोसळतात. एक्स्टेंडर गेमच्या मुख्य फाइलमधली ठरावीक फंक्शन्स ठरावीक पत्त्यांवर शोधतो. पॅच आला की ते पत्ते सरकतात, आणि नवा एक्स्टेंडर निघेपर्यंत गेम सुरू होताच बंद पडतो. एप्रिल २०२४ च्या फॉलआउट ४ अपडेटमुळे फॉलआउट लंडन हा प्रचंड मॉड तीन महिने लांबला, तो अशाच कारणाने.

म्हणून चालू प्रवास संपेपर्यंत गेमची आवृत्ती हलू देऊ नका. स्टीममध्ये गेमवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग अपडेट्समध्ये जा आणि गेम सुरू करतानाच अपडेट करण्याचा पर्याय निवडा. पण एवढ्याने भागत नाही. नवा पॅच आल्यावर 'प्ले' दाबलंत तर आधी अपडेटच होणार. त्या काळात स्टीम ऑफलाइन मोडमध्ये ठेवा. जीओजी या दुसऱ्या गेम-दुकानाच्या गॅलेक्सी ॲपमधून जुन्या आवृत्तीवर परत जाता येतं, आणि ऑफलाइन इन्स्टॉलर वेगळ्या डिस्कवर जपून ठेवता येतो. मॉडिंग करणाऱ्याला ही सोय फार मोलाची आहे.

आता बॅकअप. बाल्डर्स गेट ३ च्या सेव्ह ॲपडेटा फोल्डरात असतात आणि ॲपडेटा लपवलेला असतो, म्हणून एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये 'हिडन आयटम्स'ला टिक करा. मग ॲपडेटा, लोकल, लॅरियन स्टुडिओज, बाल्डर्स गेट ३ असं आत जा. तिथल्या दोन गोष्टींची प्रत काढा: 'प्लेयरप्रोफाइल्स' आणि 'मॉड्स'. पहिल्यात सेव्ह आहेत, शिवाय 'मॉडसेटिंग्ज' ही फाइल आहे. ती नोटपॅडमध्ये उघडून बघाच. प्रत्येक मॉडमागे नाव, फोल्डर, आवृत्ती आणि एक लांबलचक ओळखक्रमांक असतो, आणि लोड ऑर्डर (मॉड्स कोणत्या क्रमाने लागायचे ते) याच फाइलमधून ठरते. पॅचनंतर ती रिकामी झाली तर मॉड्स फोल्डरात असूनही गेमला दिसत नाहीत. अशा वेळी लोक सगळं पुसून पुन्हा टाकत बसतात. खरं तर चाहत्यांनी बनवलेल्या, गेमबाहेरच्या मॉड मॅनेजरमधून ऑर्डर पुन्हा निर्यात केली की काम होतं.

मॉड्सची एक यादी वहीत ठेवा: नाव, आवृत्ती, टाकल्याची तारीख, एक्स्टेंडर लागतो की नाही. पात्रासाठी नवा वंश (रेस) किंवा नवा क्लास आणणारा मॉड मधेच काढू नका. पात्र त्याच्यावर उभं असतं, ती सेव्ह उघडणार नाही किंवा पात्र मोडकं येईल. असे मॉड्स नव्या प्रवासाच्या आरंभीच घ्यावेत. एका वेळी दोन-तीनच टाका, अर्धा तास खेळा, मग पुढचे.

गोव्यात एक अडचण वेगळी आहे. पावसात वीज जाते, आणि फाइल लिहिली जात असताना गेली तर सेव्ह किंवा मॉडसेटिंग्ज अर्धवट राहू शकते. साध्या इन्व्हर्टरवर डेस्कटॉप कधीकधी रीस्टार्ट होतो, कारण वीज बदलायला त्याला क्षणभर लागतो. संगणकासाठी वेगळा यूपीएस हवाच. बाल्डर्स गेट ३ तर १५० जीबी जागा मागतो. ४० एमबीपीएसवर तेवढं उतरवायला सव्वाआठ तासांच्या वर लागतात. पॅच ७ आला तेव्हा चवथ (गणेश चतुर्थी) दोन दिवसांवर होती. सत्तरी-काणकोणात मूळ घरी जाणार असाल तर निघण्याआधी डाउनलोड संपवा, गेम एकदा ऑनलाइन सुरू करून बघा आणि मगच ऑफलाइन मोड लावा.

अधिकृत मॅनेजर आला की त्याच दिवशी जुन्या सेव्हवर प्रयोग नकोत. हाताने टाकलेले मॉड्स आधी बाहेर काढा. तोच मॉड हाताने आणि मॅनेजरमधूनही राहिला तर दोन प्रती एकमेकींना अडवतात. बाल्डर्स गेट ३ मध्ये पॅच ७ आधी इतर मॉड्स चालावेत म्हणून लागणारा 'मॉड फिक्सर' हा मॉड नंतर नको झाला, पण कितीतरी जणांच्या फोल्डरात तो तसाच राहिला. कन्सोलवाल्यांना तपासून मंजूर झालेलेच मॉड्स मिळतात, एक्स्टेंडरवाले नाहीत. पीसीवर रिकाम्या मॉड्स फोल्डरासह नवा प्रवास सुरू करा, पहिला अंक चालतो का बघा, आणि मग यादीतून एकेक मॉड परत आणा.