वृत्त ओळखताना डोळे नको, कान लावा

एम.ए. मराठीला आलेल्या आपल्या जळगाव-धुळ्याकडच्या पोरापोरींना 'यमाताराजभानसलगा' हे गण (तीन-तीन अक्षरांचे गट) ओळखायचं सूत्र पाठ असतंच, त्यामुळे ते इथे उगाळत नाही. घोळ होतो तो गण पाडण्याच्याही आधी, अक्षर लघु (आखूड) की गुरू (लांब) हे लावताना.

'जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू' हा नियम अर्धा आहे. जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर येत असेल, तरच ते गुरू. 'सत्य' म्हणून बघा, 'स'वर भार पडतो. आता 'तुझ्या' म्हणा. 'तु' मोकळाच राहतो, म्हणून लघु. 'तुम्ही', 'पुन्हा', 'कुऱ्हाड' यांचंही तेच. बरं, 'य' जोडलेला असला की सोडून द्यायचं, असंही नाही, कारण 'विद्या'तला 'वि' गुरू आहे. मला या एका गोष्टीने जेवढं रडवलं तेवढं सगळ्या गणांनी मिळून नाही. कागदावर जोडाक्षर दिसलं रे दिसलं की मागच्या अक्षरावर गुरूची आडवी रेघ पडायचीच.

'मना सज्जना भक्तिपंथेचि जावे' घ्या. 'सज्जना'चा 'स' आणि 'भक्ति'चा 'भ', दोन्हींवर आघात आहे, दोन्ही गुरू. चार 'य' गण (लघु-गुरू-गुरू), १२ अक्षरं, म्हणजे भुजंगप्रयात वृत्त. आता ही मी जुळवलेली ओळ: 'तुझ्या पावलांनी फुलावी कपाशी'. हेही भुजंगप्रयातच. पण इथे 'तु' गुरू धरलात तर पहिलाच गण 'म' (तिन्ही गुरू) होतो आणि मग तुम्ही गाईडच्या मागच्या पानावर नसलेलं वृत्त शोधत बसता. खरं तर ती गाईडं रद्दीत घाला. त्यात सोप्याच ओळी निवडलेल्या असतात.

'चालीत म्हणून बघा, बसलं की तेच वृत्त' असं सांगणारे सर भेटतील. ऐकून घ्या, पण विसंबू नका. चालीत लघु अक्षर हवं तेवढं ताणता येतं. भाऊ, आधी ओळ गद्यासारखी सरळ वाच, खुणा कर, मग खुशाल गा.

छापलेला ऱ्हस्व-दीर्घही 'सुधारू' नका. धरणगावला १८९० साली जन्मलेल्या बालकवींची 'श्रावणमासी हर्ष मानसी हिरवळ दाटे चोहिकडे' ही ओळ ८, ८, ८, ६ अशा ३० मात्रांची आहे (लघुची एक मात्रा, गुरूच्या दोन). 'चोहीकडे' लिहिलंत की शेवटी सातवी मात्रा आलीच.

आणि प्रत्येक ओळीला गण पाडायचे नसतात, हे कळलं तरी निम्मा जीव भांड्यात पडतो. आसोद्याच्या बहिणाबाईंचं 'अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर' लघु-गुरूने तपासणं म्हणजे शुद्ध वेळ घालवणं. तिथे अक्षरं मोजा. ८ आणि ८. बोलताना 'संसार'चा 'र' अर्धाच ऐकू येतो, मोजताना मात्र तो पूर्ण अक्षर. 'मिळते'चं आपल्याकडे 'मियते' होतं म्हणून घाबरायचंही कारण नाही. 'ळ' गेला, 'य' आला, अक्षरं तेवढीच आणि वजनही तेवढंच. ओवी कानावर घेऊन वाढलेल्या पोरांना ही मोजणी शिकवावी लागत नाही.

अक्षरगणवृत्तात (गणांनी बांधलेल्या वृत्तात) सगळं जुळूनही चरणाचं शेवटचं अक्षर तेवढं लघु निघालं, तर खाडाखोड करू नका. चरणाच्या अंती लघु गुरू धरायची मुभा आहे.