जुनी फ्रेंच शॅम्पेन बकेट कशी ओळखायची, घ्यायची आणि वापरायची

फ्रान्समध्ये गावोगावी जुन्या सामानाचे बाजार भरतात, पॅरिसजवळचं सांत-ऊआं तर प्रसिद्धच आहे, आणि तिथे शॅम्पेनच्या बकेटा, म्हणजे बाटली बर्फात गार करायची भांडी, हमखास दिसतात. लोक त्या शोपीस म्हणून घेतात, पण माझं म्हणणं एवढंच की ती वापरायची वस्तू आहे आणि घेताना तशीच पारखून घ्या.

आधी उलटी करून तळ बघा. क्रिस्तोफ्ल या फ्रेंच कंपनीने 1842 मध्ये फ्रान्ससाठी इलेक्ट्रोप्लेटिंगचे, म्हणजे विजेने मुलामा चढवण्याचे, पेटंट हक्क घेतले आणि मग चांदीचा मुलामा दिलेली भांडी हॉटेलांत, घरांत सगळीकडे गेली, त्यामुळे चांदीसारखी दिसणारी बकेट बहुतेक वेळा मुलाम्याचीच निघते. फ्रान्समध्ये मुलाम्याच्या भांड्यावर कारागिराचा शिक्का चौकोनी असतो आणि अस्सल चांदीवर तो शंकरपाळीच्या आकाराचा, शिवाय 1838 पासून अस्सलवर मिनर्व्हा देवीच्या डोक्याचा छाप असतो, त्यात 1 आकडा म्हणजे हजारात 950 भाग चांदी आणि 2 म्हणजे 800. विकणारा कितीही ‘चांदी, चांदी’ करू दे, छाप नसेल तर चांदीचा भाव देऊ नका.

मग काठ आणि हँडलच्या आसपास बोट फिरवा, पिवळा किंवा तांबूस धातू दिसत असेल तर मुलामा गेलाय. मला स्वतःला ते चालतं, फक्त भाव त्या हिशोबाने हवा. कॅफेंमधल्या शॅम्पेन कंपन्यांच्या नावाच्या बकेटा बऱ्याचदा अॅल्युमिनियमच्या असतात, हलक्या असतात आणि सुरुवात करायला मला त्याच सगळ्यात आवडतात. नाव कोरलेलं किंवा उठावाचं आहे की नंतर चिकटवलंय ते नीट बघा. शेवटी पाणी भरून थोडा वेळ ठेवा, गळतेय का ते लगेच कळतं.

आता वापर, आणि इथे इतिहास कामाला येतो. शॅम्पेनमध्ये दुसरं फर्मेंटेशन, म्हणजे आंबणं, बाटलीतच होतं, त्याने आत 5 ते 6 अॅटमॉस्फियर दाब तयार होतो आणि मेलेल्या यीस्टचा गाळही साचतो. 1816 च्या सुमारास फ्रान्समधल्या रांस शहरात शॅम्पेन बनवणाऱ्या मादाम क्लिको यांच्या तळघरात भोकं पाडलेल्या टेबलात बाटल्या उलट्या खोचून थोड्या थोड्या फिरवत गाळ तोंडाशी आणून काढायची पद्धत बसली, तेव्हा कुठे स्वच्छ शॅम्पेन मोठ्या प्रमाणात मिळायला लागली. त्या काळची शॅम्पेन भयंकर गोड, रशियाला जाणाऱ्या मालात तर लिटरमागे 200 ग्रॅमच्या वर साखर असायची, ती बर्फासारखी थंडच बरी लागणार. शॅम्पेनवाल्याच मादाम पोमेरी यांनी 1874 मध्ये कोरडी, म्हणजे गोड नसलेली, शॅम्पेन काढली, हळूहळू चव तिकडे वळली आणि आजच्या ब्रूटमध्ये, म्हणजे अशा कोरड्या शॅम्पेनमध्ये, साखर लिटरला 12 ग्रॅमपेक्षा कमी असते. ती अति थंड केली की वासच दबतो, म्हणून 8 ते 10 डिग्री पुरे.

त्यासाठी बकेटमध्ये नुसता बर्फ टाकू नका, खड्यांच्या मधे हवा राहते आणि बाटलीला गारवा लागत नाही. अर्धा बर्फ अर्धं पाणी घ्या, बाटली मानेपर्यंत बुडवा, 20 ते 30 मिनिटांत काम होतं. बकेट बुटकी असेल तर मधे एकदा बाटली थोडा वेळ उलटी करून ठेवा, पण उघडण्याआधी सरळ करून जरा शांत राहू द्या. उघडताना बुचावरची तारेची जाळी सैल करून बूच घट्ट धरा आणि बूच न फिरवता बाटली फिरवा, तोंड कुणाकडे नको, दाब विसरू नका. बर्फात मीठ घातलं की गारवा वाढतो हे खरं, पण मीठ चांदी आणि अॅल्युमिनियम दोन्ही खातं, जुन्या बकेटीत ते अजिबात नको. नाशिकच्या दिंडोरीत शांदों कंपनीची स्पार्कलिंग, म्हणजे फसफसणारी, वाइन बनते, ती शॅम्पेन नव्हे, पण गार करायची रीत हीच.

झाल्यावर कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ कापड, लगेच कोरडी करायची. मुलामा पातळ असतो, दर वेळी पॉलिशने घासलात तर काही वर्षांत खालचा धातू वर येईल. अॅल्युमिनियमला सोडा किंवा डिशवॉशर लावू नका, काळं पडतं. आणि कथिलाची बकेट गॅसजवळ नकोच, ती कमी उष्णतेला वितळते.