चक आणायला निघण्याआधी

जुन्या छोट्या लेथला नवा चक, म्हणजे फिरणारे काम धरणारा पंजा, घ्यायचा म्हटले की दुकानदाराचा पहिला प्रश्न असतो, "किती इंची?" पहिल्या खेपेला मी "चार इंची" एवढ्याच उत्तराच्या भरवशावर मुंबईला गेलो. सिद्धेश्वर एक्सप्रेसने पहाटे उतरलो, दुकाने उघडल्यावर नागदेवी स्ट्रीटवरून चक आणि त्याला लेथवर बसवणारी तयार बॅकप्लेट घेतली आणि रात्रीच्या गाडीने परत आलो. स्पिंडलवर, म्हणजे लेथच्या फिरत्या दांड्यावर, फिरवली तर बॅकप्लेट दुसऱ्या आट्यावर अडकली. व्यास जुळत होता, आटे जुळत नव्हते. तेव्हापासून माझे ठाम मत आहे की चकाची निवड दुकानात होत नाही, ती आपल्या स्पिंडलच्या नाकावर, म्हणजे आटे असलेल्या टोकावर, होते. म्हणून ही तयारी, निघण्याआधीची.

सगळ्यात आधी जुना चक खरोखर गेला आहे का ते बघा. आपल्या सोलापुरात बहुतेक छोटे लेथ मागाच्या शेडलगतच्या खोलीत असतात. टॉवेलच्या मागाचे तूस हवेत उडत असते, ते तेलात मिसळून चकाच्या स्क्रोलमध्ये, म्हणजे आतल्या चक्राकार आट्यांत, घट्ट बसते आणि काम धरणारे जॉ जड चालतात. जॉ बाहेर काढा, चक खोला, रॉकेल आणि ब्रशने स्क्रोल धुवा. निम्मी तक्रार तिथेच मिटते असा माझा अनुभव आहे. मग ग्राइंड केलेला सरळ रॉड पकडून डायल गेज लावा. असा रॉड विकत घ्यायलाच हवा असे नाही. भंगारातल्या जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचा हेड ज्या दांड्यावर सरकतो, तो चांगला गुळगुळीत आणि सरळ असतो. एकदा जॉच्या तोंडाशी आणि एकदा ७५ मिलिमीटर पुढे, असे दोन आकडे घ्या. चक हाताने फिरवताना काटा जितका हलतो तितका आऊट. दोन्हीकडे सारखाच आऊट असेल तर चक मध्यापासून सरकून बसला आहे, त्यात बॅकप्लेटचा दोष असू शकतो. तोंडाशी कमी आणि पुढे गेल्यावर वाढत जाणारा आऊट असेल तर जॉ तोंडाशी झिजून फाकले आहेत आणि रॉड फक्त आतल्या टोकाला धरला जातोय.

चक उतरवल्यावर डायल थेट स्पिंडलच्या नाकावर लावा, आट्यांमागच्या गुळगुळीत भागावर, म्हणजे रजिस्टरवर, आणि आतल्या टेपरमध्येही. स्पिंडलखाली लाकडी दांडा घालून हलकेच उचलून बघा. काटा बराच हलला तर आधी बेअरिंग बघायचे. मायफोर्ड एमएल ७ सारख्या छोट्या इंग्लिश लेथमध्ये व्हाइट मेटलचे बेअरिंग असते. ते सैल असताना कितीही महागडा चक लावला तरी काम गोलच येणार नाही.

आता माप. इथे घाई करू नका, एक पूर्ण सकाळ द्या. देशात दशमान मापांचा कायदा १९५६ साली झाला, पण विलायतेहून आलेले जुने लेथ इंचातच बोलतात. माझे वडील गिरणीत फिटर होते, ते शेवटपर्यंत इंच आणि सुतातच मोजायचे (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). या एका कामापुरते आपणही तसेच मोजलेले बरे. नाकावरचे आटे तारेच्या ब्रशने साफ करा आणि बाहेरचा व्यास व्हर्निअरने घ्या. एमएल ७ चे नाक एक इंच एक सूत, म्हणजे २८.५८ मिलिमीटर, आणि आटे इंचाला १२. साउथ बेंडचा ९ इंची लेथ किंवा बॉक्सफोर्ड असेल तर व्यास दीड इंच, म्हणजे ३८.१ मिलिमीटर, आणि आटे इंचाला ८. पण यंत्रावरच्या नावावर विसंबू नका. इतक्या वर्षांत कोणीतरी स्पिंडल बदललेला असू शकतो. आटे मोजायचे पिच गेज लावून, उजेडाकडे धरून बघा. एक इंच एक सुताच्याच व्यासात बीएसएफ (ब्रिटिश स्टँडर्ड फाइन) जातीचे आटे इंचाला ९ असतात, आणि नुसत्या डोळ्यांना ९ आणि १२ मधला फरक गेजशिवाय लवकर कळत नाही. आट्याचा कोन ५५ अंश की ६० तेही बघा. जुने इंग्लिश आटे बहुधा ५५ चे असतात, अमेरिकन ६० चे.

त्याहून महत्त्वाचे माप आहे आट्यांच्या मागच्या गुळगुळीत भागाचे, म्हणजे रजिस्टरचे. आट्यांचे काम चकाला ओढून धरण्याचे. त्याला मध्यावर बसवतो तो रजिस्टर आणि सरळ ठेवतो तो मागचा खांदा. रजिस्टरचा व्यास मायक्रोमीटरने, त्याची लांबी, आट्यांची लांबी आणि खांद्यापासून टोकापर्यंतचे एकूण अंतर, हे चारही आकडे वहीत लिहा आणि शेजारी नाकाचे चित्र काढा. चित्र वेडेवाकडे आले तरी चालेल, आकडे ठळक हवेत.

आणि जुना चक भंगारात टाकायच्या आधी त्याच्याकडून एक शेवटचे काम करून घ्या. त्यात एक सळई पकडून तिच्या टोकावर आपल्या स्पिंडलच्या नाकाची हुबेहूब नक्कल कापा, तेच आटे आणि तेच रजिस्टर. जुनी बॅकप्लेट या नकलेवर नीट बसली की नक्कल बरोबर. हा तुकडा पिशवीत असला की दुकानात वाद घालावा लागत नाही, बॅकप्लेट तिथेच फिरवून बघता येते. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये बॅकप्लेट करून घ्यायची असेल तर मिस्त्रीच्या हातात कागदापेक्षा हा तुकडा द्या.

ट्रू चक की डॉग चक? पहिला चक म्हणून बहुतेकांना ट्रू हवा असतो, कारण तीन जॉ एकदम सरकतात आणि गोल किंवा षटकोनी सळई क्षणात धरली जाते. पण चांगल्या नव्या ट्रू चकातही ०.०५ ते ०.०८ मिलिमीटरचा आऊट धरून चालावे लागते. मागाच्या दुरुस्तीत येणारे काम वेगळे असते. झिजलेली बुशे, बिडाचे वेडेवाकडे ब्रॅकेट, एका बाजूने आधीच टर्न झालेली शाफ्ट, यांना डॉग चक लागतो. त्याचे चार जॉ वेगवेगळे सरकतात, आणि डायल लावून दहा मिनिटे दिली की काम शंभरांश मिलिमीटरपर्यंत मध्यावर आणता येते. एकच घ्यायची ऐपत असेल तर मी डॉगच घ्या म्हणेन. वेळ जास्त जातो, पण त्यात धरता येणार नाही असे काम फार थोडे.

आकाराचा लोभ नको. लेथच्या बेडवर ७ इंच व्यासाचे काम फिरते म्हणून ६ इंची ट्रू चक चढवायचा नाही. जॉ उघडले की चकाच्या अंगाबाहेर येतात आणि बेडला लागतात. छोट्या बेअरिंगवर वजनही पडते. एमएल ७ एवढ्या यंत्राला ट्रू १०० मिलिमीटरचा आणि डॉग १५० चा, इतके पुरे. बिडाच्या चकावर कमाल फेरे कोरलेले असतात, ते आपल्या पुलीच्या सर्वात वरच्या वेगाशी ताडून पाहा.

तयार आट्यांचा चक शोधत बसण्यापेक्षा सपाट पाठीचा चक आणि बिडाची कच्ची बॅकप्लेट घ्या. बॅकप्लेट आपल्याच स्पिंडलवर चढवून, आपल्याच लेथवर तिचा चेहरा आणि उंचवटा टर्न केला की ती या यंत्राशी एकरूप होते. उंचवटा चकाच्या पाठीतल्या खाचेत घट्टसर बसावा, पण खाचेच्या तळाला टेकू नये. चकाची कड प्लेटवर सपाट टेकली पाहिजे. बोल्ट चकाच्या तोंडाकडून येतात की पाठीमागून, हे दुकानातच बघून ठेवा, कारण प्लेटची जाडी आणि व्यास त्यावरून ठरतात.

पिशवीत असावे: नकलेचा तुकडा, वही, व्हर्निअर, पिच गेज, ग्राइंड केलेला रॉड, पुसायला जुना टॉवेल. दुकानात जॉवरचे १, २, ३ आकडे खाचांशी जुळतात का बघा. जॉ पूर्ण बाहेर काढून परत क्रमाने घाला, चाल सगळीकडे सारखी लागली पाहिजे. उलटे जॉ किंवा उलटता येणारे जॉ आणि चावी हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. जुना चक घेत असाल तर जॉच्या खाचांच्या कोपऱ्यांत तडा आहे का ते नीट पाहा. तिथे तडा असलेला चक फुकट मिळाला तरी घेऊ नका.

घरी आल्यावर चढवताना मेन स्विच बंद, बेडवर लाकडी फळी, आट्यांवर तेलाचा एक थेंब. आट्यांवर बसणारा चक चालू लेथवर एकदम उलटा फिरवायचा नाही, तो सुटून येतो. खांद्यावर टॉवेल टाकायची आपल्याकडे सवय आहे, तो लेथपाशी जाण्याआधी खुंटीला अडकवा. चावी चकात कधीही सोडू नका. पहिली फेरी सगळ्यात कमी वेगाने द्या आणि चकाच्या रेषेत उभे राहू नका.

ट्रू चक घेतला असेल तर शेवटी रॉड पकडून डायल लावा आणि तिन्ही चावीच्या भोकांतून आळीपाळीने आवळून आऊट मोजा. तिन्ही आकडे बहुधा वेगळे येतात. ज्या भोकातून आवळल्यावर सर्वात कमी आला त्याच्याशेजारी पंचाने एक ठिपका मारा, आणि पुढे प्रत्येक वेळी शेवटचा ताण त्याच भोकातून द्या.