हिरव्या पाण्याचे सोवळे: सागरी टँकसाठी घरगुती प्लवक

अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या क्लाउनफिश या सागरी माशाच्या पिलांच्या तोंडात आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीसारख्या जीवाची) नवजात पिलेसुद्धा मावत नाहीत, म्हणून पहिला आठवडाभर त्यांना रोटिफर, म्हणजे पाण्यात तरंगणारे त्याहून सूक्ष्म प्राणी (प्लवक), द्यावे लागतात. रोटिफर वाढतात हिरव्या पाण्यावर, म्हणजेच नॅनोक्लोरोप्सिससारख्या सूक्ष्म शैवालावर. त्यामुळे ही दोन्ही कल्चर जोडीनेच सांभाळावी लागतात, आणि खरी अडचण ती परस्परांपासून दूर ठेवण्यातच आहे.

शैवालासाठी पाण्याच्या दोन लिटरच्या रिकाम्या बाटल्या पुरतात. क्लोरीनमुक्त पाण्यात सागरी मीठ मिसळून त्याची सापेक्ष घनता 1.019 च्या आसपास आणावी, एफ/2 हे शैवालासाठीचे खास खत पाकिटावरील मात्रेत घालावे आणि चार भाग पाण्याला एक भाग या प्रमाणात जिवंत शैवालाचे विरजण लावावे. बागेतील खत वापरण्याचा मोह टाळावा. त्यातील अमोनिया आणि तांबे पुढे टँकपर्यंत पोहोचू शकतात. एअरस्टोन (हवेचे बारीक बुडबुडे करणारा सच्छिद्र दगड) लावू नये, कारण बारीक बुडबुड्यांनी फेस येतो आणि पेशी बाटलीच्या कडांना चिकटतात. त्याऐवजी कडक नळी तळापर्यंत सोडून सेकंदाला एकदोन मोठे बुडबुडे येतील एवढीच हवा द्यावी. झाकणाला हवा बाहेर जाण्यासाठी दुसरे छिद्र ठेवून त्यात कापसाचा सैल बोळा बसवावा. साध्या पांढऱ्या एलईडीचा सोळा तास उजेड पुरेसा होतो.

आठवडा-दहा दिवसांत फिकट पोपटी पाणी इतके गर्द होते की बाटलीमागे धरलेले बोट दिसत नाही. त्या वेळी अर्धे पाणी काढून फ्रीजमध्ये ठेवावे व ते रोज एकदा हलवावे. उरलेल्या अर्ध्यात नवे खारे पाणी आणि खत घालावे. पाणी पिवळसर पडले, तळाशी गाठी बसल्या किंवा कुजका वास आला, तर ती बाटली वाचवण्याच्या फंदात पडू नये. ती ओतून टाकून दुसऱ्या बाटलीतून पुन्हा विरजण लावावे. एकच बाटली ठेवणारा कधी ना कधी रिकाम्या हाताने बसतो.

रोटिफरसाठी दहा लिटरची बादली, तेवढीच घनता आणि मंद हवा पुरेशी असते. पाण्याला हलकी हिरवी झाक येईल इतकेच शैवाल घालावे. ती झाक ओसरली की पुन्हा घालावे. अंधारात बाजूने टॉर्च मारल्यास धुळीसारखे पांढरे ठिपके गिरक्या घेत पोहताना दिसतात. ठिपके दाट झाले की रोज सुमारे चौथा भाग पाणी काढून तेवढेच नवे भरावे.

आता सोवळ्याचा मुद्दा. मी एकदा रोटिफरच्या बादलीतली नळी नुसती झटकून हिरव्या बाटलीत घातली होती. पाचव्या दिवशी त्या बाटलीतून पलीकडची भिंत स्वच्छ दिसत होती. नळीला चिकटलेल्या एका थेंबातील मादीसुद्धा पुरते, कारण तिला प्रजननासाठी नराची गरज नसते. बुडबुडे फुटताना उडणारे तुषारही रोटिफर वाहून नेतात. म्हणून बाटल्या आणि बादली शक्यतो वेगळ्या खोल्यांत ठेवाव्यात, नळ्या व गाळण्या वेगळ्या ठेवाव्यात आणि रोज आधी हिरव्या बाटल्यांचे काम उरकून मगच बादलीला हात लावावा.

टँकमध्ये बादलीतले पाणी कधीही थेट ओतू नये, कारण त्यात अमोनिया साचलेला असतो. 53 मायक्रॉनच्या जाळीतून रोटिफर गाळून, स्वच्छ खाऱ्या पाण्याने धुऊन, जाळी उलटी करून टँकमध्ये हलकेच विसळावी.