म्यूट की ब्लॉक? आधी दार कोणाचे ते पाहावे

ब्लॉक झालेला माणूस ‘हा माझ्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर घाला आहे’ असे म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा तो चुकीचे बोलत असतो. राज्यघटनेचा अनुच्छेद १९ बोलण्याचा हक्क देतो, पण अमुक एकाने ते ऐकलेच पाहिजे असा हक्क देत नाही. त्यामुळे स्वतःच्या खाजगी खात्यावरून कोणाला ब्लॉक करताना अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. कोणते बटण केव्हा दाबावे, एवढेच नीट ठरवावे लागते.

नुसता कंटाळा आला असेल तर म्यूट पुरते. समोरच्याला ते कळत नाही आणि नातेही तुटत नाही. मात्र या एका शब्दाचा अर्थ सगळीकडे सारखा नाही. व्हॉट्सअॅपवर चॅट आठ तास, एक आठवडा किंवा कायमचे म्यूट केले, तरी फक्त सूचना थांबतात आणि संदेश येतच राहतात. इन्स्टाग्रामवर म्यूट केले की त्या व्यक्तीच्या पोस्ट आणि स्टोरी समोर येणेच बंद होते. फेसबुकवर ३० दिवसांपुरती अशी सुट्टी घेता येते.

शिवीगाळ किंवा पाठलाग सुरू असेल तर म्यूट हा उपाय नव्हे, कारण आपल्याला न दिसणारी घाणेरडी टिप्पणी आपल्या पोस्टखाली इतर सर्वांना दिसत राहते. तेथे ब्लॉकच करावे. मात्र त्याआधी तारीख, वेळ आणि खात्याचे नाव दिसेल असे स्क्रीनशॉट काढून ठेवावेत. तक्रार करण्याची वेळ आली तर तेच उपयोगी पडतात. इन्स्टाग्रामवर ‘रिस्ट्रिक्ट’ हा मधला मार्गही आहे: त्या व्यक्तीची नवी टिप्पणी, आपण मान्यता देईपर्यंत, फक्त तिला आणि आपल्याला दिसते. खोचक बोलणाऱ्या नातेवाइकांसाठी याहून सोयीचे साधन मला तरी माहीत नाही.

ब्लॉक म्हणजे भक्कम भिंत, असे मात्र समजू नये. पार्किंगवरून भांडलेल्या शेजाऱ्याला आपण व्हॉट्सअॅपवर ब्लॉक केले, तर त्याच्या वैयक्तिक संदेशापुढे एकच टिक राहते; पण दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर, पाण्याच्या टाकीच्या सूचनेखाली, त्याचा संदेश आपल्याला दिसतोच. एक्सवर (पूर्वीचे ट्विटर) नोव्हेंबर २०२४ पासून ब्लॉक केलेली व्यक्तीही आपल्या सार्वजनिक पोस्ट वाचू शकते. तिला त्या वाचू द्यायच्या नसतील तर खातेच फक्त अनुयायांपुरते मर्यादित करावे लागते.

खाते सार्वजनिक पदाचे असेल, तर हिशेब बदलतो. अमेरिकेत अध्यक्ष ट्रम्प यांनी ट्विटरवर टीकाकारांना ब्लॉक केले, तेव्हा २०१८ साली न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवताना म्यूटचा पर्याय होता याकडे लक्ष वेधले: म्यूट केलेल्याला उत्तर देता येते, ब्लॉक केलेल्याला नाही. अपिलात तो निकाल कायम राहिला. पण ट्रम्प पायउतार झाल्यावर, २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण निरर्थक झाल्याचे सांगून अपिलाचा निकाल रद्दबातल केला. पुढे मार्च २०२४ मध्ये, मिशिगनमधील पोर्ट ह्युरॉन शहराचे सिटी मॅनेजर (शहराचा कारभार पाहणारे अधिकारी) जेम्स फ्रीड यांनी एका नागरिकाला फेसबुकवर ब्लॉक केल्याच्या प्रकरणात, त्याच न्यायालयाने कसोटी घालून दिली: अधिकाऱ्याला शासनाच्या वतीने बोलण्याचा प्रत्यक्ष अधिकार असेल आणि त्या पोस्टमध्ये तो अधिकार वापरत असल्याचे त्याने दर्शवले असेल, तरच त्याचे ब्लॉक करणे हे शासनाचे कृत्य ठरते, आणि तेव्हाच त्यावर अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्न उभा राहतो.

हे निकाल आपल्याकडे बंधनकारक नाहीत, पण त्यांतील युक्तिवाद सरपंच, नगरसेवक किंवा अधिकाऱ्याने जरूर उचलावा. फ्रीड यांच्या एकाच फेसबुक पानावर घरचे फोटो आणि शहराच्या सूचना शेजारी-शेजारी होत्या, आणि फेसबुकचे ब्लॉक संपूर्ण पानाला लागू होत असल्याने दोन्ही गोष्टी वेगळ्या काढणे अवघड गेले. म्हणून मुलीच्या वाढदिवसाचे फोटो एका खात्यावर टाकावेत, तेथे ‘हे वैयक्तिक खाते आहे’ असे स्पष्ट लिहावे, आणि प्रभागातील पाणीकपातीची सूचना दुसऱ्या खात्यावर द्यावी. या दुसऱ्या खात्यावर कटकट्या नागरिकाला फार तर म्यूट करावे.